खाटेमागचा हिशेब : लहान रुग्णालयातील अतिदक्षता कक्ष

जुलै १९९२ मधील घटना आहे. पश्चिम बंगालच्या दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यातील मथुरापूर स्थानकात एक शेतमजूर आगगाडीतून खाली पडला. त्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा रुग्णावर उपचार करण्याची सोय नव्हती, म्हणून त्याला तेव्हाच्या कलकत्त्यास नेण्यात आले. तेथे एकामागून एक शासकीय रुग्णालयांची दारे ठोठावली गेली. कोठे आवश्यक ती यंत्रणा नव्हती, तर कोठे खाट रिकामी नव्हती. अखेरीस एका खासगी रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले आणि त्यासाठी सुमारे १७ हजार रुपये खर्च आला.

पश्चिम बंग खेत मजदूर समितीने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. ६ मे १९९६ रोजी दिलेल्या निर्णयात न्यायालयाने म्हटले की, शासकीय रुग्णालयाने गरजू रुग्णाला वेळेवर उपचार न देणे हे घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचे उल्लंघन होय. पैशाची अडचण सांगून राज्याला ही जबाबदारी टाळता येणार नाही. त्या मजुराला २५ हजार रुपये भरपाई देण्यात आली.

या निर्णयाची चर्चा कायद्याच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्यातील एका साध्या शब्दापाशी थांबावेसे वाटते. तो शब्द म्हणजे ‘खाट’. खाट रिकामी नव्हती, असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय उपलब्ध नसते? आणि गंभीर रुग्णासाठी खाट उपलब्ध आहे असे म्हणण्यासाठी काय काय असावे लागते? तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहान रुग्णालयातील अतिदक्षता कक्ष समोर ठेवून या प्रश्नांचा विचार या लेखात केला आहे.

अतिदक्षता म्हणजे काय?

अतिदक्षता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रे उभी राहतात. या शाखेचा उगम मात्र यंत्रांपेक्षा माणसांच्या हातांतून झाला. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांपैकी बहुसंख्य दगावत होते आणि त्या काळची श्वसनयंत्रे मोजकीच होती. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहातील पद्धत कक्षात आणली. रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबत राहायचे आणि फुप्फुसांत हवा पोहोचवायची, अशी ती पद्धत होती. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, काही महिने हे काम केले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पुढच्याच वर्षी त्याच शहरात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. आधुनिक अतिदक्षता कक्षाचा आरंभ सर्वसाधारणपणे येथून मानला जातो.

या इतिहासातून व्याख्या आपोआप स्पष्ट होते. शरीराचे एखादे अत्यावश्यक कार्य काही काळ बंद पडले असता, ते पूर्ववत होईपर्यंत बाहेरून चालू ठेवणे आणि त्या काळात रुग्णावर अखंड नजर ठेवणे म्हणजे अतिदक्षता. यात ‘काही काळ’ आणि ‘अखंड’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. पहिल्या शब्दामुळे या सेवेचा लाभ प्रचंड होतो, तर दुसऱ्यामुळे तिचा खर्च वाढतो.

लहान रुग्णालयात येणारे गंभीर रुग्ण कोण असतात, हे पाहिले म्हणजे लाभाची कल्पना येते. सर्पदंश व विंचुदंश झालेले शेतकरी, कीटकनाशक पोटात गेलेले तरुण, प्रसूतीनंतर रक्तस्राव होत असलेल्या किंवा गर्भारपणात झटके आलेल्या स्त्रिया, न्यूमोनिया झालेली मुले, हृदयविकाराचा झटका आलेले कर्ते पुरुष. यांतील अनेकांचा आजार काही तासांचा वा दिवसांचा असतो. तेवढा काळ निभावला तर माणूस पुढे अनेक वर्षे धडधाकट जगतो. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचुदंशावरील उपचारांचे जे संशोधन केले, ते अशाच साधनांची वानवा असलेल्या ठिकाणी झाले. प्राझोसिन या स्वस्त औषधाचा वेळेवर वापर आणि रुग्णाजवळ बसून केलेले निरीक्षण यांच्या बळावर मृत्यूचे प्रमाण मोठ्या प्रमाणात कमी करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

सर्पदंशाचा प्रश्न तर राष्ट्रीय आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. हे मृत्यू प्रामुख्याने ग्रामीण भागातील आहेत. २०३० पर्यंत ते निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवून केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. हे उद्दिष्ट दूरच्या महानगरातील मोठ्या रुग्णालयात साध्य होणार नाही. ते दंशाच्या ठिकाणापासून तास-दीड तासाच्या अंतरावरील लहान रुग्णालयातच साध्य होईल.

पाच रात्रींचा अनुभव

काही वर्षांपूर्वी माझ्या काकांना मण्यार चावली. ते शेतातील घरात जमिनीवर अंथरूण टाकून झोपले होते. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही. त्यामुळे पहाटे पोटात दुखू लागले तेव्हा कोणाच्या काही लक्षात आले नाही. थोड्या वेळाने पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळू लागले. तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत श्वास मंदावला होता.

डॉक्टरांनी तत्काळ प्रतिविष दिले आणि श्वासनलिकेत नळी घालून काकांना व्हेंटिलेटरवर ठेवले. त्यांनी आम्हाला जे सांगितले ते मला आजही आठवते. प्रतिविष रक्तातील विषाला बांधते, परंतु मज्जातंतूंच्या टोकांना झालेली इजा भरून यायला काही दिवस लागतात. तोवर त्यांचा श्वास आपण चालवायचा, असे ते म्हणाले. सात दशकांपूर्वी कोपनहेगनमध्ये जे घडले, तेच तत्त्व येथे होते.

कक्ष चार खाटांचा होता. दोन व्हेंटिलेटरपैकी एक एका सुट्या भागाअभावी बंद होता. रात्रपाळीला चार रुग्णांमागे एकच परिचारिका होती. तिसऱ्या रात्री वीज गेली. जनरेटर सुरू होण्यास वेळ लागला आणि व्हेंटिलेटरची बॅटरी जुनी असल्याने काही मिनिटांतच तिने दम सोडला. परिचारिकेने क्षणाचाही विलंब न लावता नळीला अंबू बॅग जोडली आणि ती हाताने दाबायला सुरुवात केली. तिने कक्षसेवकाला हाक मारून उरलेल्या तीन रुग्णांजवळ उभे केले. सुमारे वीस मिनिटे हे चालले. सहाव्या दिवशी काकांची नळी निघाली. आजही ते शेतावर जातात.

त्या वीस मिनिटांत काकांना वाचवले ते प्रशिक्षित हातांनी. मात्र त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या रुग्णाची प्रकृती बिघडली असती, तर त्या परिचारिकेला दोघांपैकी एकाची निवड करावी लागली असती. ही निवड तिच्यावर लादणारी तूट अंदाजपत्रकात कोठे दिसते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

एका खाटेचा खरा खर्च

सहा खाटांच्या कक्षाचा हिशेब करून पाहू. दोन गंभीर रुग्णांमागे एक परिचारिका असावी असे मानले, तर प्रत्येक वेळी तीन परिचारिका हजर हव्यात. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे तीन जागांसाठी २६,२८० तासांची सेवा हवी. आठवड्याला ४८ तास काम करणारी परिचारिका वर्षाला २,४९६ तास देते. त्यातून रजा, सुट्या व प्रशिक्षण यांचे ४५ दिवस वजा केले तर सुमारे २,१३६ तास उरतात. भागाकार केला असता बारा ते तेरा परिचारिका लागतात. ‘सहा खाटा, सहा परिचारिका’ ही वरकरणी उदार वाटणारी तरतूद प्रत्यक्षात एका वेळी सरासरी दीड परिचारिका पुरवते. रात्रपाळीला मग एकच उरते. डॉक्टर, तंत्रज्ञ व कक्षसेवक यांचा हिशेबही याच पद्धतीने करावा लागतो.

तज्ज्ञांची स्थिती अधिक बिकट आहे. ३१ मार्च २०२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत शल्यविशारद, स्त्रीरोगतज्ज्ञ, भिषक व बालरोगतज्ज्ञ यांची तूट गरजेच्या सुमारे ८० टक्के होती. इमारत दोन वर्षांत उभी राहते, यंत्र दोन महिन्यांत येते. भूलतज्ज्ञ घडायला मात्र दहा वर्षे लागतात आणि त्याला तालुक्यात टिकवून ठेवायला त्याहूनही अधिक प्रयत्न लागतात.

दुसरी बाब प्राणवायूची. मोठ्या ‘जंबो’ सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या एका रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो. सहाही रुग्णांना तेवढाच लागला तर दर दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला बारा सिलिंडर लागतात. नाकावाटे उच्च प्रवाहाने मिनिटाला ६० लिटर प्राणवायू देणाऱ्या यंत्रावर एकच रुग्ण एक सिलिंडर दोन तासांच्या आत संपवतो. लहान रुग्णालयांत यंत्र आणण्यापूर्वी हा हिशेब करावा लागतो, हे कोविडच्या साथीने शिकवले. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकमधील रुग्णालयात टाकीतून गळती होऊन प्राणवायूचा पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्णांना प्राण गमवावे लागले. टाकी होती, प्राणवायू होता, यंत्रेही होती. पुरवठ्याची साखळी एका ठिकाणी तुटली.

तिसरी बाब देखभालीची. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये जैववैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम हाती घेतला. त्या निमित्ताने झालेल्या पाहणीत वेगवेगळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली होती. वीजवाहिन्या व अग्निसुरक्षा हा तर देखभालीचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशी येथेही अशाच कक्षात आग लागली. प्राणवायूने भरलेल्या आणि चोवीस तास यंत्रे चालणाऱ्या खोलीत जुनी वायर हा केवळ दुरुस्तीचा विषय राहत नाही. तो जिवाचा प्रश्न होतो.

या तिन्ही बाबींत एक समान सूत्र आहे. तिन्ही खर्च आवर्ती आहेत. आपली नियोजनपद्धती मात्र भांडवली खर्चाकडे झुकलेली आहे. कक्षाचे उद्घाटन एकदाच होते. वेतन, सिलिंडर आणि देखभाल करार यांची तरतूद दरवर्षी करावी लागते.

रिकाम्या खाटेचे मूल्य

लेखापरीक्षणात एक आक्षेप वारंवार ऐकू येतो : कक्षात सहा खाटा आहेत, पण सरासरी चारच भरलेल्या असतात, म्हणजे एक तृतीयांश साधने वाया जातात. साध्या वॉर्डाच्या बाबतीत हा युक्तिवाद काही अंशी चालेल. अतिदक्षता कक्षाच्या बाबतीत तो दिशाभूल करणारा आहे.

याचे कारण असे की, गंभीर रुग्ण वेळापत्रकानुसार येत नाहीत. एखाद्या दिवशी एकही येत नाही, तर एखाद्या रात्री तीन येतात. दूरध्वनी केंद्रात किती वाहिन्या हव्यात हे ठरवण्यासाठी डेन्मार्कच्या एर्लांग या गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी एक सूत्र मांडले होते. तेच येथे लागू करता येते. रुग्ण यादृच्छिकपणे येतात आणि एका वेळी सरासरी चार खाटांची गरज असते असे मानले, तर सहा खाटांच्या कक्षात येणाऱ्या शंभर रुग्णांपैकी सुमारे बारा जणांना ‘खाट नाही’ असे उत्तर मिळेल. मागणी व खाटा दोन्ही दुप्पट केल्या, म्हणजे आठ खाटांची गरज आणि बारा खाटांचा कक्ष असे धरले, तर हे प्रमाण शंभरात पाचांवर येते. दोन्हीकडे मागणी व खाटा यांचे गुणोत्तर तेच आहे. तरी लहान कक्ष दुपटीहून अधिक रुग्णांना परत पाठवतो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, लहान कक्षात काही खाटा रिकाम्या राहणे हा अपव्यय मानता येणार नाही. अग्निशामक दलाचा बंब दिवसभर उभा आहे म्हणून तो निरुपयोगी आहे, असे आपण म्हणत नाही. खाट रिकामी असते म्हणूनच मध्यरात्री येणाऱ्या रुग्णाला ती मिळते.

दुसरा निष्कर्ष अधिक उपयुक्त आहे. प्रत्येकी सहा खाटांची दोन शेजारची रुग्णालये एकमेकांच्या रिकाम्या खाटांची माहिती क्षणोक्षणी ठेवू लागली आणि त्यांच्यामध्ये सुसज्ज रुग्णवाहिकेची सोय असली, तर ती बऱ्याच अंशी बारा खाटांच्या एका कक्षासारखी काम करू शकतात. एकही नवी खाट न घालता परत जाणाऱ्या रुग्णांची संख्या निम्म्याहून कमी होते. अर्थात अंतर फार असेल तर हा लाभ घटतो, हेही खरे. १९९६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तालुका व जिल्हा पातळीवरील रुग्णालयांची क्षमता वाढवण्यास सांगितले होते. त्याचबरोबर रुग्णाला खाट असलेल्या रुग्णालयातच पाठवता यावे यासाठी रुग्णालयांमध्ये केंद्रीभूत संपर्कयंत्रणा हवी, असेही नमूद केले होते. न्यायालयाने घटनेच्या आधारे जे सांगितले, त्याला गणिताचाही आधार आहे.

दाराबाहेरचे कुटुंब

अतिदक्षता कक्षाच्या दाराबाहेर आणखी एक कक्ष असतो. त्याची नोंद कोणत्याही आराखड्यात नसते. जिन्याखाली, व्हरांड्यात, झाडाखाली बसलेले नातेवाईक मिळून तो तयार होतो. औषधे आणणे, रक्ताचे नमुने पोहोचवणे, रक्तदाता शोधणे, पैशांची जुळवाजुळव करणे ही कामे तेथून चालतात. दोन कर्त्या माणसांची आठवड्याची मजुरी, प्रवास व जेवण हा खर्च रुग्णालयाच्या बिलात दिसत नाही.

दिसणारा खर्चही थोडा नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये प्रसूती वगळता रुग्णालयातील एका भरतीमागे सरासरी वैद्यकीय खर्च शासकीय रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. ही सर्व प्रकारच्या भरतींची सरासरी आहे; अतिदक्षतेचा खर्च तिच्या कितीतरी पट असू शकतो. त्याच फेरीत असे दिसले की, ग्रामीण कुटुंबांच्या रुग्णालयीन खर्चाचा सुमारे १३ टक्के भाग कर्जातून आला होता. शासकीय कक्षात खाट न मिळालेले कुटुंब खासगी रुग्णालयाकडे वळते तेव्हा एका रात्रीत त्याची आर्थिक स्थिती बदलू शकते.

अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले होते की, वैद्यकीय सेवेची बाजारपेठ इतर बाजारपेठांसारखी नसते; गरज अनिश्चित असते आणि माहिती विक्रेत्याकडे अधिक, ग्राहकाकडे कमी असते. अतिदक्षता कक्षात ही विषमता टोकाला पोहोचते. रुग्ण बोलू शकत नाही, नातेवाईक घाबरलेले असतात आणि निर्णय मिनिटांत घ्यायचे असतात. अशा ठिकाणी माहिती देणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

भेटीची वेळ ही त्यासाठीची पहिली संधी असते. पडद्यावरील आकडे पाहून बहुतेक नातेवाईक घाबरून जातात. हा आकडा हृदयाच्या ठोक्यांचा, हा रक्तातील प्राणवायूचा, हा रक्तदाबाचा. घंटी वाजली म्हणजे प्रत्येक वेळी संकट आले असे नाही, कधी बोटाला लावलेली चिमटी निसटली तरी ती वाजते. एवढे दोन मिनिटांत सांगितले तरी मनावरचा ताण पुष्कळ हलका होतो. हात धुणे, गर्दी न करणे, सलाईनच्या नळीला हात न लावणे हे नियम कारणांसह सांगितले तर पाळले जातात. नळीमुळे बोलता न येणाऱ्या रुग्णालाही ऐकू येत असू शकते. मण्यारीच्या विषाने पापण्याही न हलणारा माणूस अनेकदा पूर्ण शुद्धीवर असतो. हे ठाऊक झाल्यावर आमच्या काकूंनी रोज दहा मिनिटे काकांजवळ बसून घरच्या, शेताच्या गोष्टी सांगितल्या. त्यांतील बऱ्याचशा आपण ऐकल्या, असे काकांनी नंतर आम्हाला सांगितले.

काही वेळा सांगायची गोष्ट कठीण असते. बरा न होणाऱ्या आजाराच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णाला यंत्रांवर ठेवल्याने त्याचे दुःख आणि कुटुंबाचे कर्ज दोन्ही वाढू शकतात. सन्मानाने मृत्यूला सामोरे जाण्याचा हक्क आणि त्यासाठीचे आगाऊ इच्छापत्र यांना सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०१८ मध्ये मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ केली. अतिदक्षता कक्षात कोणाला दाखल करावे आणि कोणाला करू नये, याविषयी तज्ज्ञांच्या गटाने तयार केलेल्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनाही २०२३-२४ मध्ये पुढे आल्या. रुग्णाने किंवा कुटुंबाने समजून-उमजून दिलेला नकार त्यांत ग्राह्य धरला आहे. मात्र बरा होऊ शकणाऱ्या रुग्णाच्या कुटुंबाने केवळ पैसे नाहीत म्हणून दिलेला नकार हा खरा नकार नव्हे. हा भेद डॉक्टरांनी आणि धोरणकर्त्यांनी सदैव लक्षात ठेवावा.

झालेले प्रयत्न आणि पुढील दिशा

गेल्या दोन दशकांत या क्षेत्रात काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्याच वर्षी हैदराबाद येथून ‘१०८’ रुग्णवाहिका सेवेचा आरंभ झाला व ती पुढे अनेक राज्यांत पोहोचली. पश्चिम बंगालमधील पुरुलियासारख्या मागास जिल्ह्यात २००३ मध्ये सुरू झालेला नवजात शिशु कक्ष पुढे देशभर आदर्श ठरला; आज असे कक्ष बहुतेक जिल्ह्यांत आहेत. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २००५ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे ३७ असलेला नवजात मृत्युदर २०२१ मध्ये १९ पर्यंत खाली आला. याचे श्रेय एकट्या या कक्षांचे नाही. तथापि लहान रुग्णालयातही अतिदक्षता शक्य आहे, हे त्यांनी सिद्ध केले.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले. एप्रिल २०२० मधील एका अंदाजानुसार देशात सुमारे ९५ हजार अतिदक्षता खाटा होत्या आणि त्यांतील मोठा भाग मोजक्या सात राज्यांत एकवटलेला होता. ही विषमता लक्षात घेऊन ऑक्टोबर २०२१ मध्ये ६४,१८० कोटी रुपयांचे आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियान सुरू करण्यात आले. त्यात पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या ६०२ जिल्ह्यांत ५० ते १०० खाटांचे अतिदक्षता विभाग उभारण्याची योजना होती. कर्नाटक, मणिपूर, मेघालय यांसारख्या राज्यांत दहा-दहा खाटांचे कक्ष दूरसंपर्काने मोठ्या रुग्णालयांतील तज्ज्ञांशी जोडण्याचे प्रयोगही झाले आहेत. दूरवरचा तज्ज्ञ सल्ला देऊ शकतो. नळी घालणारे आणि अंबू बॅग दाबणारे हात मात्र जागेवरच लागतात.

या पार्श्वभूमीवर पुढील सूचना विचारात घेण्यासारख्या वाटतात :

१. खाटांची संख्या मोजण्याबरोबरच ‘चालू खाटा’ मोजाव्यात. प्रत्येक पाळीत ठरलेल्या प्रमाणात परिचारिका, अखंड प्राणवायू, पर्यायी वीज आणि चालू स्थितीतील यंत्रे असतील तरच ती खाट आकडेवारीत धरावी.

२. नव्या कक्षाला मंजुरी देतानाच पुढील दहा वर्षांच्या वेतन, प्राणवायू व देखभालीच्या खर्चाची तरतूद दाखवणे बंधनकारक असावे.

३. अतिदक्षता परिचर्येचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांची बदली अन्य वॉर्डात करू नये. त्यांना स्वतंत्र श्रेणी व विशेष भत्ता मिळावा.

४. जिल्ह्यातील सर्व शासकीय रुग्णालये आणि योजनेत सहभागी खासगी रुग्णालये यांच्या रिकाम्या खाटांची माहिती रुग्णवाहिका नियंत्रण कक्षाला सतत मिळावी. रुग्ण हलवण्यापूर्वी पुढील रुग्णालयाने खाट राखून ठेवल्याची खात्री केली जावी.

५. दर महिन्याला वीज, प्राणवायू व अग्निसुरक्षेची रंगीत तालीम व्हावी आणि ती रात्रपाळीतही घेतली जावी.

६. नातेवाइकांसाठी बसण्याची, पाण्याची व स्वच्छतागृहाची सोय आणि दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी त्यांच्या भाषेत माहिती देण्याची व्यवस्था हा कक्षाच्या मानकांचाच भाग असावा.

यासाठी पैसा लागेल, हे उघड आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार शासनाचा आरोग्यावरील खर्च २०१३-१४ मधील स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या १.१५ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये १.८४ टक्क्यांपर्यंत वाढला. त्याच काळात एकूण आरोग्यखर्चातील कुटुंबांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर आला. दिशा योग्य आहे. तथापि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत गाठावयाचे २.५ टक्क्यांचे लक्ष्य आणि हा आकडा यांच्यातील अंतर मोठे होते. वाढीव निधी येईल तेव्हा त्यातील किती भाग भिंतींवर आणि किती माणसांवर खर्च होतो, यावर त्याचे फळ अवलंबून राहील.

मथुरापूरच्या त्या मजुराला १९९२ साली हवी होती ती लोखंडी पलंगापेक्षा फार वेगळी गोष्ट होती. जागा असलेला डॉक्टर, जागी असलेली परिचारिका, भरलेला सिलिंडर आणि पुढच्या रुग्णालयाने उचललेला दूरध्वनी या सर्वांना मिळून आपण ‘खाट’ म्हणतो. तालुक्याच्या रुग्णालयात मध्यरात्री पोहोचलेल्या कुटुंबाला ‘खाट आहे, आत आणा’ असे उत्तर मिळावे, एवढ्यासाठी हा सारा हिशेब आहे.